न झोपणाऱ्या समोवाराचे स्वप्न

अनारकुल समोवार झाली ती चुकून.

कुबात हा काराकोलमधला जनावरांचा डॉक्टर. शनिवारी दुपारी शेवटची मेंढी घरी गेली की दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो खेळ मांडतो. खेळ त्यानेच रचलेला. टेबलावर डोंगरदऱ्यांचा नकाशा, फाशांच्या जागी मेंढीच्या घोट्याची हाडे, आणि प्रत्येकाने घेतलेले एकेक सोंग. अगदी पहिल्या शनिवारी त्याने सगळ्यांना विचारले होते, "बोला, कोण काय?" अनारकुल तेव्हा नुकतीच येऊन दारात बूट काढत होती. तिला वाटले, पुढच्या वेळी कोण काय घेऊन येणार ते ठरते आहे. घरी चहाचे पाणी उकळायचे निखाऱ्यांचे भांडे होतेच. तिने तिथूनच सांगितले, "मी समोवार."

कुबातने मान डोलावली आणि खेळ सुरू केला. चूक तिच्या ध्यानात येईपर्यंत तिच्या समोवाराला पाय फुटले होते, आणि खिंडीतल्या दोन लुटारूंवर उकळते पाणी ओतून तो पुढच्या गावाला लागलाही होता.

ती चूक तिने कधी दुरुस्त केली नाही, त्याला कारण होते. अनारकुल पॉलिक्लिनिकच्या खिडकीत बसून आजाऱ्यांना नंबर देते. नवरा ट्रकवर, बहुधा सीमेपलीकडेच असतो. पण तिचा खरा हुद्दा सुनेचा. सून म्हणजे चहा ओतणारी. इकडे चहाचा वाडगा भरून देत नाहीत. थोडा ओतायचा, प्यायला की पुन्हा थोडा. त्यामुळे ओतणारीला उसंत म्हणून नसते आणि तिचा स्वतःचा चहा कायम गार. घरी सासू, सणाला नणंदा, लग्नात व्याही, बाराव्या-तेराव्यासारख्या जेवणाला सगळा गाव. केस पांढरे झाले तरी अनारकुल आपली दाराजवळच्या जागी, किटलीपाशी.

त्या पहिल्या शनिवारीही तिचा हात सवयीने किटलीकडे गेला होता. तुर्सुनाईने तो वरच्यावर धरला. तुर्सुनाई बँकेत असते, आणि खेळ तिच्याइतका मनावर घेणारे माणूस काराकोलात दुसरे नाही. ती म्हणाली, "एजे, तुम्ही समोवार आहात. तुम्हीच ओतत बसलात तर अंगातलं पाणी संपेल. मग लढाईत काय करणार, वाफ सोडणार?" तेव्हापासून त्या टेबलावर बाकीचे ओतत आणि अनारकुल पीत असे. गरम. आठवड्यातून एकदा का होईना, पण गरम.

तुर्सुनाई खेळात मासा होती. घोडा होते जुमाबेक बायके. (मराठी माणसाने दचकू नये. इकडे थोरल्या भावाला बायके म्हणतात, जसे थोरल्या बहिणीला एजे. मलाही सवय व्हायला फार वेळ लागला.) जुमाबेक बायके वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले, आणि नियम हा त्यांचा जीव की प्राण. पूर नसलेली नदीसुद्धा त्यांचा घोडा पूल शोधून मगच ओलांडी.

या हिवाळ्यात, बर्फ पडून रस्ते अडले तेव्हा, कुबातने नवीनच प्रकरण काढले. गावाजवळच्या सरोवरावरच्या ढगांत एक स्वप्ननगर आहे. तिथे जिवंत देहाने जाता येत नाही. झोपायचे, आणि झोपेत आपले जे स्वप्नरूप असेल त्याने वेशीतून आत शिरायचे. आणि आत एकदा शिरले की वसंत ऋतूपर्यंत खेळ तिथेच चालणार.

जुमाबेक बायकेंनी लगेच सांगितले की घोडा उभ्या उभ्या झोपतो, हे कुबातला डॉक्टर म्हणून ठाऊक आहेच. माशाला पापण्या नसतात, यावर थोडी चर्चा झाली. कुबातने निकाल दिला की मासा डोळे उघडे ठेवून झोपतो, बँकेतल्या माणसांसारखा. मग सगळ्यांच्या नजरा अनारकुलकडे वळल्या.

"समोवार झोपत नाही," जुमाबेक बायके म्हणाले.

तुर्सुनाई म्हणाली की निखारे विझले म्हणजे झोपलाच की. बायके म्हणाले, ती झोप नव्हे, तो मृत्यू. मग रोज सकाळी पेटवतात तो काय पुनर्जन्म, असे तुर्सुनाईने विचारले. बायकेंनी त्यावर धर्मात बसत नाही एवढेच उत्तर दिले आणि मूळ मुद्दा धरून ठेवला. जो झोपत नाही त्याला स्वप्न नाही, ज्याला स्वप्न नाही त्याला स्वप्नरूप नाही, आणि ज्याला स्वप्नरूप नाही तो वेशीबाहेर. कुबात डोके खाजवत राहिला. नियम त्याचाच होता.

"काही बिघडत नाही," बायके समजुतीने म्हणाले. "अनारकुल हिवाळाभर बाहेर थांबेल. तेवढीच चहाकडे बघेल."

ते हे वाईट मनाने बोलले नव्हते. तेच तर वाईट होते. अनारकुलने समोरचा वाडगा दोन्ही हातांनी धरला. कुबातला मात्र तिचा चेहरा दिसला. त्याने पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत दिली. समोवाराचे स्वप्नरूप कोणी पाहिले असेल तर ते टेबलावर येऊ दे. रीतीप्रमाणे स्वप्न सांगितले जाईल, रीतीप्रमाणे कोणीतरी ते चांगले म्हणेल, आणि मग वेस उघडेल.

रीत सगळ्यांना माहीत आहे. स्वप्न भलत्या माणसाला सांगू नये, कारण ऐकणारा पहिला शब्द जो बोलेल तसे ते फळते. म्हणून कोणी स्वप्न सांगू लागले की ऐकणाऱ्याने छातीवर हात ठेवून "चांगलंच होवो" म्हणायचे. स्वप्न फारच वाईट असेल तर "स्वप्न म्हणजे कोल्ह्याची लेंडी" म्हणून उडवून लावायचे. एकदा पहिला शब्द उच्चारला की त्यावर अपील नाही.

दुसऱ्या दिवसापासून अनारकुल घरच्या समोवाराकडे टक लावून बसू लागली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने विचारले, समोवार झोपतो का हो? पलीकडे बराच वेळ नुसते इंजिन ऐकू येत होते. मग तो म्हणाला की तो लवकर घरी यायचा प्रयत्न करतो.

शेवटी तिने सासूबाईंना विचारले. बातमा अपा ऐंशीच्या पुढच्या. त्या झोपत नाहीत. म्हणजे असे त्या रोज सकाळी सांगतात: सासरे गेल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. रात्री त्यांच्या घोरण्याने मांजर उठून शेजाऱ्यांकडे जाते, पण हे त्यांना सांगणार कोण? आणि न झोपल्याची तक्रार संपली की त्या रात्रभराची स्वप्ने सांगायला घेतात. अनारकुल ओतता ओतता अधूनमधून "चांगलंच होवो" म्हणते आणि अर्धे ऐकते.

"अपा, समोवार झोपत असेल का हो?"

"आपला समोवार?" बातमा अपांनी साखरेचा खडा दाढेखाली सरकवला. "तो कसला झोपतो. काल माझ्या स्वप्नात आला होता ना. काय थाट त्याचा! आला तो सरळ..."

"थांबा!" अनारकुल ओरडली. "सांगू नका!"

लग्नानंतर सासूला तिने गप्प केल्याची ही पहिलीच वेळ. पण अपांनी इथे सांगितले असते, तर पहिला शब्द अनारकुलचाच होऊन स्वप्न स्वयंपाकघरातच खर्ची पडले असते. ते कोरेच्या कोरे टेबलावर न्यायला हवे होते. तिने अपांना कशीबशी शपथ घातली.

त्यानंतर शनिवारपर्यंत घरात जे चालले त्याला छळच म्हणावे लागेल. न सांगितलेले स्वप्न म्हातारीच्या पोटात उकळत होते. शेजारीण सरपण मागायला आली तेव्हा अपांनी "अगं, परवा मला..." म्हणून तोंड उघडले, आणि अनारकुलने त्यात बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचा गोळा, कोंबला. दूधवाला आला, पुन्हा बोरसोक. पोस्टमन आला, पुन्हा. शुक्रवारी अपा म्हणाल्या की स्वप्न राहू दे, पण आता आपल्याच्याने आणखी एक बोरसोक खाववणार नाही.

शनिवारी तिने अपांना शालीत गुंडाळून दवाखान्यात आणले. पुढच्या खोलीत सलाईन लावलेली एक शेळी होती. अपांनी आधी तिची विचारपूस केली. मागच्या खोलीत सगळे उठून उभे राहिले. जुमाबेक बायकेंनी स्वतःची दारापासून लांबची मानाची जागा त्यांना दिली, पाठीशी उशी सरकवली. म्हातारे माणूस स्वप्न सांगायला आले आहे म्हटल्यावर दुसरे काय करणार?

"समोवार होता," बातमा अपांनी सुरुवात केली. इतके दिवस दाबून धरलेली वाफच ती. "पण कल्पाक टोपी घातलेला, धुरांड्यावर. पोटावर पदकं. सामूहिक शेतीचा अध्यक्षच झाला होता मेला. वरच्या जागी मांडी घालून बसलेला, आणि समोर ही एवढी रांग. जो येईल त्याच्यावर ओरडत होता. कागद कुठेत? उशीर का? मी पण उभी होते रांगेत. माझ्याकडे बघून म्हणाला, म्हातारे, तू कशाला उभी राहिलीस, बस."

अपा थांबल्या आणि त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. स्वप्न संपले होते. आता कोणीतरी बोलायला हवे होते, आणि थोरले माणूस असताना धाकट्यांनी आधी बोलायचे नसते. जुमाबेक बायकेंचा उजवा हात आपोआप छातीवर गेला.

"चांगलंच होवो, अपा. मान वाढेल त्याचा. उंच जागी बसेल."

तुर्सुनाईने टेबलावर थाप मारली तशी हाडे उडाली. "बायके, तुम्हीच बोललात. पहिला शब्द तुमचा."

बायकेंच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ते लालबुंद झाले आणि सावरू लागले. हे स्वप्न समोवाराला नव्हे, अपांना पडले, झोपल्या अपा होत्या, तेव्हा...

"कोण झोपलं?" बातमा अपांनी विचारले.

"तुम्ही, अपा. स्वप्न पडलं म्हणजे..."

"मी झोपत नाही. हिला विचार. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

अनारकुलने खाली बघत सांगितले की हो, अपा झोपत नाहीत. तिच्या तोंडून निघालेले हे आठवड्यातले एकमेव खोटे, आणि ते खोटे आहे असे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"पण अपा," बायके कळवळून म्हणाले, "झोपल्याशिवाय स्वप्न कसं पडेल?"

"मला शिकवतोस होय रे? तुझी आई माझी मैत्रीण होती. तीही झोपायची नाही. तिला तुझं स्वप्न पडलं होतं तू व्हायच्या आधी. ते पण खोटं म्हण."

कुबातने घसा साफ केला आणि जाहीर केले की न झोपणाऱ्यालाही स्वप्न पडते असा दाखला मिळाला आहे. समोवाराचे स्वप्नरूप अध्यक्ष. वेस उघडी.

"बोला अध्यक्षसाहेब," तो म्हणाला. "वेशीवर गर्दी आहे. काय करताय?"

अनारकुलने पॉलिक्लिनिकच्या खिडकीतल्या आवाजात सुरुवात केली, की त्रास होत नसेल तर सगळ्यांनी जरा...

"असा नव्हता बोलत," अपा म्हणाल्या. "ओरडत होता."

अनारकुलने श्वास घेतला. "रांग लावा!"

पुढच्या खोलीतली शेळी दचकून ओरडली. तुर्सुनाईचा मासा आपण होऊन रांगेत गेला. घोड्याकडे कागद मागितले गेले, तेव्हा बायकेंनी खरोखरच खिसे चाचपले, ते मिळेनात, त्यातच हाडही उलटे पडून घोडा रांगेच्या शेवटी गेला. अनारकुलचे कान गरम झाले होते. तिला आणखी ओरडावेसे वाटत होते.

इतक्यात बातमा अपांनी खेळावरची नजर न हलवता आपला रिकामा वाडगा बाजूला धरला, सून जिथे असते त्या बाजूला. अनारकुलचे गुडघे उठायला सरसावले. कुबात थांबला. तुर्सुनाईही थांबली.

"जुमाबेक," अध्यक्ष म्हणाले. "अपांना चहा."

नुसते जुमाबेक, बायके नाहीच. मग घोडा उठला. बायकेंनी उभ्या आयुष्यात कोणाला चहा ओतून दिलेला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी किटली धरून वाडगा काठोकाठ भरला आणि जपून, एक थेंब न सांडता अपांपुढे ठेवला.

अपांनी वाडग्यात पाहिले, मग त्यांच्याकडे. "एवढा भरलास? म्हणजे पिऊन निघू का मी घरी?"

"कमी, बायके," अनारकुल तिच्या नेहमीच्या आवाजात हळूच म्हणाली. "थोडाच ओतायचा. आणि वाडग्यांवर लक्ष ठेवायचं, संपायच्या आधी उठायचं." मग तिला आठवले आणि तिने पोट पुढे काढले. "पुढचा कोण रांगेत?"

बायकेंनी वाडगा कमी केला. तेवढ्यात तुर्सुनाईचा संपला होता, मग कुबातचा, मग पुन्हा अपांचा. घोड्याची पाळी आली तेव्हा ते किटलीत पाणी घालत होते, आणि त्यांची हाडे तुर्सुनाईने टाकली.