हिरालालची आकडी

हिरालाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हसावदला एका साखरपुड्याच्या पंगतीत होतो. "हिरालालकाका गयात," त्याचा पुतण्या सुभाष एवढंच बोलला. मी ताटावरून उठलो, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी वैताग आला. हा माणूस चाळीस वर्षं मला असाच भरल्या ताटावरून उठवत आला होता. बहुतेक वेळा कारण एकच, नदीत कोणीतरी काहीतरी टाकलेलं असायचं.

तापीकाठच्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर, तो भूगोलाचा, मी मराठीचा. तापी सातपुड्याकडून येते आणि पश्चिमेला सुरतेकडे जाते, एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळावं, हे त्याला कधी जमलं नाही. तो अख्खा वर्ग काठावर न्यायचा. "हे पाणी पुढं सुरतवाले पितात. आता सांगा, कोणाला काय टाकायचंय?" पुढचा तास माझा. माझ्या वाट्याला चिखलाने भरलेले पाय आणि कवितेकडे अजिबात लक्ष नसलेली पोरं यायची.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आकसायची, वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या, आणि पावसाळ्यात पूर सगळं धुऊन न्यायचा. मग नदीवर बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा, झालं. दारं बंद झाली की नदी काठोकाठ भरते, पण जागच्या जागी उभी राहते. केळी पिकली, ऊस पिकला, आम्ही खूश झालो. सवयी मात्र वाहत्या नदीच्याच राहिल्या. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण नदीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी ते सुरतेच्या दिशेने नजरेआड व्हायचं, आता चार दिवसांनी घाटाच्या पायरीशी परत येतं. एका वैशाखात कोणाचं तरी धोतर हिरालालच्या मोटरीच्या पाइपाच्या तोंडाला गुंडाळलं गेलं आणि केळी सुकली. त्याच आठवड्यात त्याने एका लांब बांबूला लोखंडी आकडी बसवून घेतली. पुढे रोज सकाळी तो घाटावर उभा. हार, चिंध्या, गोधड्या ओढून काढायचा, आणि टाकणारा सापडलाच तर त्याची शिकवणी घ्यायचा.

"नदी माय शे म्हनतस ना? मंग मायना आंगवर कोनी मेल्या मानूसनं गोधडं टाकस का?"

एकदा एका म्हाताऱ्याने शांतपणे उत्तर दिलं, "गुरुजी, तुमनी गोधडी बी एक दिन आठेच, याच घाटवर येई." घाटावरचे सगळे हसले. मीही हसलो. हिरालाल हसला नाही. परत येताना मला म्हणाला, "मन्ही एक चिंधी बी पानीमा गई नही पाहिजे. तू ध्यान ठेव." चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

राखेचं निभावलं. कमलाबेननी, त्याच्या बायकोने, ती केळीच्या बागेत टाकायला लावली. भावकीत कुजबुज झाली, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. गोधडीचं मी सुभाषला बजावून ठेवलं होतं. तो "हो काका" म्हणाला. सुभाषला यंदा निवडणूक लढवायची आहे, त्यामुळे तो सगळ्यांनाच हो म्हणतो.

बाराव्याच्या दिवशी त्याने घाटावरच शोकसभा ठेवली. मंडप, ध्वनिक्षेपक, आणि 'तापीपुत्र' असं लिहिलेला, हिरालालपेक्षा मोठा फलक. ज्याने आयुष्यभर नदीतून हार काढले त्याच्या फोटोला सत्तावीस वक्त्यांनी सत्तावीस हार घातले. मला शाल देऊन बोलायला उभं केलं. असल्या समारंभांची मी जन्मभर टिंगल केली, पण माईक हातात आल्यावर नदी, निसर्ग, निष्ठा असं काय काय बोलत सुटलो. चांगलं वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर मंडपामागे सुभाषची माणसं हात पुसत येत होती. हार गेले होते. गोधडीही गेली होती.

"काका, रीत शे. गावना लोके काय म्हनतीन?" सुभाष म्हणाला.

 रागावायचं कोणावर? ध्यान ठेवायचं काम माझं होतं आणि मी शाल पांघरून भाषण ठोकत होतो. हिरालालच्या घरी गेलो. आकडी दाराआड होती. ती घेऊन घाटावर आलो आणि सभा उठत असताना, सगळ्यांदेखत, गोधडी ओढायला लागलो. कमलाबेनच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. भिजून ती माणसाएवढी जड झाली होती. हिरालालला गोधडीवरून टोला देणारा तो म्हातारा आता काठी टेकत चालतो. तो पायऱ्या उतरून आला, त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती पायरीवर ओढून घेतली. 

कमलाबेननी अंगणातल्या दोरीवर ती पसरली, एक टोक मला धरायला दिलं. "दोन दिनमा वाळी जाई, भाऊ," एवढंच म्हणाल्या. निघताना आकडी माझ्याच हातात राहिली. त्यांनी परत मागितली नाही.

आता ती माझ्या दाराआड असते. बांबू त्याने स्वतःच्या उंचीच्या हिशेबाने कापलेला, मी त्याच्यापेक्षा वीतभर बुटका. जिथे तो कोरड्या पायरीवर उभा राहून हार ओढायचा, तिथे मला एक पायरी खाली उतरावं लागतं. रोज सकाळी चपला भिजतात. रोज मी त्याला शिव्या देतो... आणि तशाच पायांनी घरी येतो.