ऑपरेटरबाईंचं बोट

आमच्या गल्लीत गुपित टिकत नाही. टिकलंच तर ते ऑपरेटरबाईंच्या पोटात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी कानाला यंत्र लावून काढली. कोणाचं लग्न कुठे अडलं, कोणाचा जावई कोणाशी गुलुगुलु बोलतो, सगळं त्या कानांवरून गेलं, पण बाईंनी ओठ हलवले नाहीत. माझ्यासारख्या माणसाला हा केवढा जाच! मी कितीदा खडा टाकून पाहिला. “मी लाइन जोडते, घरं फोडत नाही,” एवढं बोलून त्या चालू लागायच्या.

मग फोन आपोआप लागायला लागले आणि एक्स्चेंज बंद झालं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरातली मागची खोली त्यांच्या वाट्याला आली. एक खाट, एक खिडकी, समोर शेजाऱ्यांची भिंत. वहिनी तोंडाची फटकळ. “वन्सं, दिवसभर कान टवकारून बसता, भिंत काही बोलते का हो?” भिंत बोलत नव्हती. भाऊ पेपरमधून मान वर काढत नव्हता. ज्या बाईच्या कानाशी सगळं गाव बोललं, तिच्याशी आता बोलायला कोणी नव्हतं.

एकदा चष्म्याचा नंबर काढायला त्या तात्यांच्या दुकानात गेल्या. तात्या म्हणजे आमच्या गावचे चष्मेवाले, पण चष्मे विकणं हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा पाखरांचा. गावाबाहेरच्या तळ्यावरची पक्षीगणना ते तरुणपणापासून करत आले होते. बाई खुर्चीत बसल्या, अक्षरं वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “तात्या, मागच्या झाडावर मघापासून कोण किंचाळतंय?”

तात्यांनी हातातली काच खाली ठेवली. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिले होते आणि हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “डोळे मी देतो. कान तुम्ही द्याल?”

झालं! बाई पहाटे उठून तळ्यावर जायला लागल्या. गल्लीने दोघांची जोडी जमवून टाकली. त्यात कोणाचा पुढाकार होता ते विचारू नका. उत्सुकतेपोटी मीही एकदा गणनेला गेलो होतो. तिथे तोंड बंद ठेवावं लागतं म्हटल्यावर पुन्हा काही फिरकलो नाही.

गणनेला गावातली आणखी चार-पाच माणसं असायची. त्यांची रीत अशी. तळ्याकाठच्या ठरलेल्या थांब्यावर गप्प उभं राहायचं. तात्या एकेका पक्ष्याचं नाव पुटपुटणार. ज्याने तो ऐकला त्याने बोट वर करायचं, दोन ऐकले तर दोन बोटं. बोलायचं नाही, दुसऱ्याला खुणावायचं नाही. तात्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आला असेल, असावा, काल तर होता, याला बोट नाही. ऐकलं नाही तर मूठ. मूठ दाखवायला लाजायचं नाही, बाई. सगळ्यात महाग तीच.” तात्यांनी इतकं मनापासून शिकवलं की बाईंना वर्षभरात प्रत्येक आवाजाचं घराणं तोंडपाठ झालं.

तळ्याच्या कडेला बोरूच्या उंच गवताचं दाट बेट होतं. त्यात मुठीत मावेल एवढा एक पक्षी राहायचा. कात्री चालवावी तसा आवाज, म्हणून ही मंडळी त्याला कातरी म्हणत. ती इथे आहे हे सगळ्यात आधी तात्यांच्या बायकोने ओळखलं होतं. पुढे बायको गेली. तात्या त्या थांब्यावर जरा जास्तच वेळ उभे राहत.

मग नगरपालिकेच्या कचेरीने लोकांना फिरायला वाट करायची म्हणून बेटाचा एक पट्टा कापला. पुढच्या गणनेला तात्या त्या थांब्यावर उभे राहिले आणि पुटपुटले, “कातरी.” बाईंनी कान दिला. वारा, पाणी, लांबून एक मोटार. बाकी काही नाही. त्यांनी मूठ आवळली आणि तेवढ्यात तात्यांनी वळून पाहिलं. निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा चेहरा! बाईंचं बोट वर गेलं.

तात्या हसले. बाईंना वाटलं, एवढ्यापुरतंच. पण एकदा वर गेलेलं बोट पुढच्या खेपेला खाली कसं आणायचं? प्रत्येक गणनेला कातरी अशी एका बोटावर जगत राहिली.

उरलेलं बेट कापायचं ठरलं तेव्हा तात्या कचेरीत भांडायला गेले. साहेब गोड माणूस. म्हणाला, “तात्या, तुमचीच गणना सांगते, पट्टा कापला तरी पक्षी आहे. मग बाकीचं कापल्याने काय बिघडणार?” तात्या परतले. वाटेत बाईंना गाठून म्हणाले, “चिवट निघाली हो आपली कातरी.”

 अखेर जन्मात पहिल्यांदा बाईंनी कोणापाशी तरी मन मोकळं केलं, आणि माणूस निवडलं तेही वहिनी! वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. “जा आणि सांगून या, वन्सं. मला सांगितलंत म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यांना तसंही कळणारच.” पुढचं मला कोणाकडून कळलं, ते ओळखा.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तात्या काच पुसत होते.

“कातरी नाहीये, तात्या.”

“आज नाही?”

“पट्टा कापल्यापासून नाही.”

तात्या काच पुसतच राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, माझे कान आता तिच्यापुरतेही गेलेत.”

“तुमचा चेहरा बघवला नाही हो.”

“चप्पल घाला. कचेरीत जायचंय.”

साहेबाने दोघांना खुर्च्या दिल्या. बाईंनी परक्या माणसासमोर आपला खोटेपणा सांगितला. साहेब वाईट वाटल्यासारखं करून म्हणाला, “म्हणजे पक्षी उरलाच नाही. मग बेट तरी कोणासाठी ठेवायचं?”

बेट गेलं. गणनेतली माणसं एकेक करून यायची थांबली. खोटं बोट वर करणाऱ्या बाईच्या शेजारी कोण उभं राहणार? वहिनींनीही यावर एक टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

बऱ्याच दिवसांनी तात्या गल्लीत, बाईंच्या दाराशी आले. आत काही आले नाहीत, दारातूनच म्हणाले, “उद्या गणना आहे. या. पण आता माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं.”

बाई गेल्या. अजून जातात. कापलेल्या खुंटांसमोर दोघं उभी असतात, तात्या मागे, बाई पुढे. तात्या अजूनही त्या नावापाशी येतात आणि पुटपुटतात. बाई पाठीमागे हात धरतात, तात्यांना दिसेल असा, आणि मूठ घट्ट मिटलेली असते.