उष्टावणीचे दोन कॅमेरे

मागच्या महिन्यात एका रविवारी रावेतला मुलाच्या फ्लॅटवर नातीची उष्टावण झाली. पोरगी सहा महिन्यांची. पहिला घास भरवायचा मान मामाचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या मुलाचा... आमच्या वाट्याला पंगत वाढणं.

पण फोटोचं काम माझं होतं. मुलानं हॉलमधली सोफ्यावरची भिंत मोकळी ठेवली होती, उष्टावणीचा एक मोठा फोटो लावायला. ती भिंत आपलीच, असं मी धरून चालले होते.

माझ्याकडं मोठा कॅमेरा आहे, डीएसएलआर. मुलगा चाकणच्या कंपनीत लागला तेव्हा किल्ल्यांचे फोटो काढायला त्यानं घेतला होता, साधाच, शिकाऊ लोकांचा. लग्न झालं, किल्ले सुटले, कॅमेरा कपाटात गेला. मी तो बाहेर काढला.

माझं शिक्षण चौथी. मेनूतलं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण वरच्या चकतीवर चित्रं आहेत. फूल म्हणजे जवळचं, डोंगर म्हणजे लांबचं, पळता माणूस म्हणजे एका जागी न बसणारं पोर. एवढ्यावर मी सोसायटीतली चार बारशी काढली आहेत. अजून कुणाची तक्रार नाही... केली असती तर फोटो दिले नसते.

तर मी गळ्यात कॅमेरा अडकवून पाटासमोर उभी. तेवढ्यात विहीणबाईंनी पर्समधनं सुपारीच्या डब्यासारखं काहीतरी काढलं. तोही कॅमेराच. हिंजवडीला आयटीत असलेल्या लेकानं आईला वाढदिवसाला दिलेला.

मला हसू आलं. म्हटलं, बरं आहे, हाताला चाळा. तर तो मामा मला समजवायला लागला. "काकू, दिसतो छोटा, पण आतला सेन्सर तुमच्या कॅमेऱ्याएवढाच आहे. आणि याची लेन्स कमी उजेडात तुमच्यापेक्षा चांगली चालते."

सेन्सर म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला ज्याच्यावर फोटो उमटतो तो तुकडा. तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं. मी एवढं ओझं मानेवर वागवते आणि आतला तुकडा सारखाच? हिच्या पर्समध्ये मावतो, वर रुमाल आणि चष्म्यालाही जागा उरते.

पोरीच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून पडदे ओढलेले होते. मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या तोंडाजवळ नेली. माझा कॅमेरा नुसता गर्र गर्र करत मागंपुढं... फोकस काही बसेना. मी म्हटलं थांबा. मामा अंगठी हवेत धरून थांबला, खीर पोरीच्या नव्या झबल्यावर गळायला लागली.

मग फ्लॅश आपोआप वर आला. खटाक्, आणि डोळ्यांवर लख्ख उजेड. पोरीनं भोकाड पसरलं. तोंड उघडलेलंच आहे म्हणून मामानं अंगठी जिभेला लावून घेतली... आणि माझा फ्लॅश परत तयार व्हायला वेळ घेत बसला. पहिला घास गेला.

मी म्हटलं, परत एकदा लाव, नीट घेते. विहीणबाई सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, उष्टावण एकदाच असते हो."

आणि स्वतः काय केलं? ती डबी छातीपाशी धरली, वरनं पोरीकडं बघत जीभ टकटक वाजवली. आवाज नाही, उजेड नाही. पोरगी रडायची थांबली आणि हनुवटीवर खीर घेऊन हसली. त्यांच्याकडं बघून.

जेवणं झाल्यावर मुलानं दोघींचे फोटो टीव्हीवर लावले. माझ्या फोटोत मामाचा कान असा स्वच्छ आला होता की त्यावरचे केस मोजावेत. त्याच्या मागं पोरीचा नुसता उघडा जबडा. विहीणबाईंच्या फोटोत गालावर पडद्याचा मऊ उजेड, आणि ते हसू. मी चष्मा लावून त्यात दोष शोधत बसले. सापडला नाही.

एक सांगते, त्या डबीची बॅटरी पंगत बसायच्या आत संपली. सगळ्या पाहुण्यांचा एकत्र फोटो माझ्याच कॅमेऱ्यानं काढला. पण चाळीस पाहुणे भिंतीवर कोण लावतं?

स्वयंपाकघरात गेले आणि सुनेलाच विचारलं. तुझ्या आईला बघून हसते, मला बघून रडते, असं का? मनात म्हटलं, हिनंच काही शिकवलं असेल. सून ओटा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तिला तुमचं तोंड दिसतं कुठं? तुम्ही आलात की समोर ते काळं खोकं येतं."



बाहेर येऊन कॅमेरा बॅगेत घातला आणि पोरीसमोर मांडी घालून बसले. ती हसली नाही. नवीन माणूस घरात आल्यासारखी मला निरखत राहिली... नाक, कपाळ, कुंकू. मग डूल धरून असा ओढला की डोळ्यात पाणी आलं. ते डुलामुळंच आलं.

त्यानंतर आठवड्यातनं दोनदा रावेतला जाते, हात रिकामे. तिसऱ्या खेपेला दारातच मला बघून हसली. फोटो नाही, विश्वास ठेवायचा तर ठेवा.

भिंतीवर विहीणबाईंचा फोटो लागला आहे. जाता-येता दिसतो आणि दर वेळी पोटात दुखतं. त्या माझ्या पोस्ट वाचतात, म्हणून एकदाच लिहिते... फोटो चांगला आला आहे. तोंडानं म्हणायला सांगू नका.