कानात सांगितलेलं नाव

माझ्या मुलीला ऐकू येत नाही असं मी पाच आठवडे धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, नवऱ्यापुढेही नाही. पण आता लिहायलाच बसले आहे, तर हातचं राखून काय लिहायचं?

नवरा साखरेतला माणूस, म्हणजे साखर कारखान्यात केमिस्ट. शिकला इथेच, पुण्याजवळ मांजरीला. मग पूर्व आफ्रिकेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोघं तिकडे गेलो, ते नऊ वर्षं राहिलो. इथे खिडकीबाहेर ऊस, तिथेही खिडकीबाहेर ऊस, त्यामुळे फारसं परकं वाटलं नाही. मूल झालं नाही. तपासण्या, औषधं, नवस, सगळं करून झालं, ते सांगत बसत नाही. शेवटी तिथल्याच एका अनाथाश्रमातून आम्ही तीन महिन्यांची मुलगी घरी आणली. तिथली पद्धत अशी, की मूल आधी सांभाळायचं, मग कोर्ट बघणार आणि मग दत्तक देणार. कोर्टाने बघायला वर्ष लावलं.

त्या वर्षात मी कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत शिकवत होते. नोकरी सोडायचा धीर झाला नाही. मूल परत घेतलं तर हातात निदान काहीतरी राहील, असा माझा हिशेबी विचार. मग आश्रमात जिने या बाळाला पहिल्या दिवसापासून सांभाळलं होतं त्याच बाईला आम्ही घरी कामाला बोलावलं. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची, घरभर ऐकू जाईल असं हसणारी. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो आणि तिलाही ते आवडलं. मावशी वाकायची, बाळाला स्वतःच्या पाठीवर पालथं घालायची, वरून छापील सुती कापड एका झटक्यात टाकायची आणि छातीशी गाठ मारायची. त्या कापडाला तिथे कांगा म्हणतात. मग केरवारे, भांडी, बाजार, सगळं बाळाला पाठीवर घेऊनच. बाळ पाठीवर झोपायचं आणि पाठीवरच जागं व्हायचं.

नावही मावशीनेच ठेवलेलं, आश्रमात असताना. मी तिला पिल्लू म्हणायचे, नवरा रोज नवीन काहीतरी म्हणायचा. नावाने हाक मारायची ती फक्त मावशी. मला तेव्हा ते सोयीचं होतं. मी कागदोपत्री आई होण्याच्या खटपटीत इतकी गुंतले होते, की प्रत्यक्षात ते काम दुसरीच कुणी करते आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि आम्ही कायमचं पुण्याला यायचं ठरवलं. मावशी विमानतळावर आली नाही. दारातच तिने गाठ सोडली, बाळ माझ्या हातात दिलं आणि वर तो कांगाही दिला. म्हणाली, “दर रविवारी फोन कर. तिला माझा आवाज ऐकू दे.” मी म्हटलं, “हो, नक्की.”

मांजरीला नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. कुंची, झबली, दुपटी, सगळं त्यांनी स्वतः शिवून ठेवलेलं. कुणी काही बोलेल ही धास्ती मला होती, पण त्या माझ्याआधीच पदर खोचून तयार. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, “अगंबाई, केस असे कसे हो हिचे?” सासूबाई म्हणाल्या, “देवाने वेळ काढून केलेत. तुमच्या वेळी घाईत होता वाटतं.” त्या बाई तिसऱ्या मजल्यावरच उतरल्या. राहायला त्या सहाव्यावर होत्या.

आठवड्याभरात बारसं केलं. बारसं बाराव्या दिवशी करायचं, आणि आमची लेक सव्वा वर्षाची. पाळण्यात निजवलं की टुणकन उभी राहायची. दोघीजणी तिचे पाय धरून बसल्या तेव्हा कुठे पाळण्याचं गाणं पुरं झालं. मग नणंद पुढे आली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. नणंद पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केलं आणि आम्ही निवडलेलं छानसं मराठी नाव सांगितलं. मागून धपाधप धपाटे बसले. आणि पोरीने काय करावं? पाळण्याच्या कडेवरून दोन्ही हात लांब करून ती नणंदेच्या त्या वाकलेल्या पाठीवर चढायला लागली. “आत्या आवडली गं!” असं म्हणून सगळ्या हसल्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला आत्या आवडली नव्हती. तिला एक वाकलेली पाठ दिसली होती. हे त्या खोलीत फक्त मला कळलं, आणि मीही सगळ्यांबरोबर हसले.

पेढे वाटून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आजपासून हेच नाव. ते जुनं कुणी घ्यायचं नाही, पोर उगाच गोंधळेल.” नणंद म्हणाली, “वहिनी, ते फोनबिनही थोडे दिवस नकोच. रुळू दे तिला.” दोघींच्या मनात वावगं काहीच नव्हतं. आयतं कारण हवं होतं ते मला. कांगा मी कपाटाच्या वरच्या खणात टाकला. पुढचे दोन रविवार फोन वाजला आणि मी तो वाजू दिला. तिसऱ्या रविवारी वाजला नाही.

लेक रडत नव्हती. भरवलं की खायची, निजवलं की निजायची, खेळणं दिलं की हातात धरून बसायची. येणारा जाणारा म्हणायचा, “काय शहाणं बाळ आहे हो!” मला त्या शहाणपणाची भीती वाटायला लागली होती. नव्या नावाने हाक मारावी तर मान हलायची नाही. मी मारली, नवऱ्याने मारली, सासूबाईंनी तर लाडाने दहा तऱ्हांनी मारली. भिंतीला हाक मारल्यासारखं. महिना उलटला तशा सासूबाईच हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, हिच्या कानांचं एकदा बघून घ्या.”

डॉक्टरांनी विचारलं, “नाव घेतल्यावर बघते का?” मी म्हटलं, “नाही.” ते नाव जेमतेम पाच आठवड्यांचं आहे हे मी सांगितलं नाही. दाराची बेल वाजली की हिची मान गर्रकन वळते, दार उघडून कोण आलं ते दिसेपर्यंत ती श्वास धरून बसते आणि मग पुन्हा खेळण्याकडे बघते, हेही नाही सांगितलं. मी ते रोज पाहत होते. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. मूल बहिरं निघालं तर त्यात तिचा दोष नाही आणि माझाही नाही. यंत्र बसवू, वर्गांना नेऊ, मी धावपळ करीन, लोक म्हणतील आई असावी तर अशी. पण तिला ऐकू येत असेल तर? मग तिला मी ऐकू येत होते आणि नको होते. ते मला सोसणार नव्हतं. म्हणून मी आई असून माझ्या धडधाकट लेकरात खोट निघू दे अशी वाट बघत बसले. असं कुणी करतं का हो? मी केलं.

तपासणीची खोली एवढीशी, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. लेक माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना स्पीकर आणि समोर काच. काचेपलीकडे तपासणारी मुलगी माईकपाशी बसलेली, शेजारी माझा नवरा. आधी डावीकडून ढोलकी वाजली. लेकीने डावीकडे बघितलं. उजवीकडून चिमणी. उजवीकडे बघितलं. आवाज बारीक बारीक होत गेले आणि ती प्रत्येक वेळी बघत गेली. मी तिला दर आवाजाला आणखी घट्ट पोटाशी धरत होते.

मग त्या मुलीने माईकवरून आमच्या लेकीला हाक मारली, बारशाच्या नावाने. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. “मॅम, घरी दुसरं काही म्हणता का? एखादं निकनेम?”

मी मान हलवली. नाही.

काचेपलीकडून नवरा माझ्याकडे बघत होता. तो फार बोलणारा माणूस नाही, आणि त्या पाच आठवड्यांत तो मला एका शब्दाने काही म्हणाला नव्हता. तो माईककडे वाकला आणि मावशीने ठेवलेलं नाव त्याने घेतलं. मावशी घ्यायची तसंच, शेवटाला थोडं लांबवून.

लेक मांडीवर ताठ झाली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. सरसर मांडीवरून उतरली, दाराशी गेली आणि तळहाताने दार बडवायला लागली. दार उघडेना तशी रडली. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा रडली, आणि असं रडली की गाद्यांच्या त्या खोलीत मला माझं काही ऐकू येईना.

“हिअरिंग एकदम नॉर्मल आहे, मॅम,” ती मुलगी दार उघडून म्हणाली. “टेन्शन घेऊ नका.”

मी लेकीकडे पाठ करून खाली वाकले. एवढंच सुचलं. ती चढली. नवऱ्याने माझी ओढणी तिच्यावरून घेतली आणि छातीशी कशीबशी गाठ मारली. मला वाटलं होतं, आता शांत होईल. नाही झाली. हडपसरपर्यंत ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती, आणि तो सगळा वेळ मी गाडीच्या मागच्या सीटवर पुढे वाकून बसले होते.

घरी येऊन कांगा काढला आणि दुपारीच व्हिडिओ कॉल लावला. मावशीने पहिल्या रिंगलाच उचलला. इतके दिवस का नाही केलास, असं तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने हाक मारली आणि लेक धावत आली. पडद्यावरच्या चेहऱ्याला तिने हात लावला, मग फोनच्या मागे जाऊन बघितलं. मागे कुणी नव्हतं. सासूबाई हे सगळं बघत उभ्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, भाषा ना ओळखीची ना पाळखीची, आणि मावशीला नमस्कार केला. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “ते नाव मला नीट शिकव. मीसुद्धा तेच म्हणीन.” म्हटलंही त्यांनी, बरेच महिने. पण शेजारीपाजारी, पाळणाघर, डॉक्टरांचं कार्ड, सगळीकडे बारशाचंच नाव. हळूहळू घरातही तेच उरलं. रविवारच्या फोननंतर लेक तासभर रडायची, मग अर्धा तास, मग पाचच मिनिटं. तसतसं मला हलकं वाटत गेलं, आणि हलकं वाटतंय याची लाज वाटत गेली.

आता ती साडेचार वर्षांची आहे. मराठी अशी बोलते की सासूबाईंची वारस शोभावी. रविवारचा फोन अजून चुकत नाही. गेल्या रविवारी फोन टेबलावर उभा करून ठेवला होता आणि लेक खाली फरशीवर चित्र रंगवत बसली होती. मावशीने हाक मारली, तिने ठेवलेल्या नावाने, शेवटाला लांबवून. लेक रंगवत राहिली. मावशीने पुन्हा हाक मारली. लेकीने डबीतून हिरवा खडू शोधून काढला.

मी उठून लेकीला हलवणार होते. पडद्यावर मावशी फोनजवळ वाकली. मग तिने बारशाच्या नावाने हाक मारली. ते तिला मी कधी शिकवलं नव्हतं. फोनवर आमच्याकडून ऐकून ऐकून तिने पाठ केलं असणार.

लेकीने लगेच मान वळवली. म्हणाली, “काय गं?”

मावशी हसली, अगदी पूर्वीसारखी, घरभर ऐकू जाईल अशी. मग तिने कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. आवाज येत राहिला, चेहरा दिसेना.