चाचांचे हात
नातवाच्या पायाला लावायला मलमाची ट्यूब उघडली आणि त्या वासासरशी उमरग्याचे मनियार चाचा आठवले. बांगड्या भरणाऱ्या त्यांच्या हातांना इसब होतं. माझ्या कंपाउंडर वडिलांनी दिलेलं असलंच स्टिरॉइडचं मलम ते वर्षानुवर्षं चोळायचे. डॉक्टरांनी ते सोडायला लावलं, तर हात लालभडक होऊन सोलवटले. नेमका तेव्हाच माझा लग्नाचा चुडा भरायचा होता. "मलम सोडलं म्हणून भडकलंय, बेटी. कुणाला लागत न्हाय हे," चाचा म्हणाले. मला ते ठाऊक होतं, तरी मी हात मागं घेतला. वर्षभरानं मी माहेरी आले असताना बरे होऊन चाचा पुन्हा दारी आले. मी हात पुढं केला, तर आधी स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून म्हणाले, "बघून घे." पुढं दर माहेरपणाला ते तसंच दाखवत राहिले, आणि 'राहू द्या, चाचा' एवढं माझ्या तोंडून कधी निघालं नाही.