पेपराआधी एक खूण

आमच्या चांद्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर लहान पोरींनाही बाई म्हणायचे. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी इतक्या निगुतीनं चिकटवायचे, की बघणाऱ्याचं अर्धं दुखणं तिथंच उतरावं.

माझी धाकटी बहीण सातवीच्या फायनलला बसली, तेव्हा भीतीनं तिच्या पोटात अन्न ठरेना. त्या काळी सातवी पास पोरीला शाळेत नोकरी मिळायची; पास झाली तर मास्तरीण, नाही तर लग्न, असं बाबांनी बजावलेलं. कंपाउंडरांनी तिला गुलाबी औषध दिलं. "पेपराआधी एक खूण घ्या बाई, अन् मंग कोणाशी बोलू नका." दोन पेपर तिनं झकास लिहिले.

आता काय सांगू, मी त्यांना ते औषध करताना खिडकीतून पाहिलं होतं. तिसऱ्या सकाळी बहीण जरा तोऱ्यात वागली, अन् मी तिला बोलून गेले, "अवो, साखरपाणी आहे ते." गणिताचा पेपर तिनं अर्धा कोरा दिला.

मी उलट त्यांच्याशीच भांडायला गेले. "भाऊ, तिले फसवलं काऊन?"

"पहिले दोन पेपर कोणी लिहिले, बाई?" एवढंच म्हणाले. मग नवी बाटली भरून पट्टी चिकटवली. "अजून दोन पेपर आहेत. तिले सांगा, हे नागपूरचं खरं औषध आहे."

घरी जाऊन मी तसंच सांगितलं. बहिणीनं बाटलीकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "ताई, तुले खोटं बोलता येत नाई."

ती नापास झाली. उन्हाळ्यात तिच्या लग्नाच्या पंगतीत कंपाउंडर वाढत होते. माझ्या पत्रावळीशी आले तेव्हा मी मान वर केली नाही.