उजवीकडे चढलेला उजेड

जागेश्वरची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी मोटारसायकलला झगमगीत पांढरा दिवा बसवून मोठ्या तोऱ्यात फिरत होतो, आणि या गड्यानं भर बाजारात मला अडवून विचारलं, "काहून गा, समोरच्याले आंधळा करता का?" मी जाम चिडलो. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याच्याच टपरीवर जाऊन दिवा बदलून घेतला.

तुमसरच्या धान्यबाजाराजवळ त्याची ती टपरी. वायरिंग, बॅटरी सगळं करतो, पण तालुकाभर नाव आहे ते दिव्याचा नेम बसवण्यात. टपरीसमोर राईस मिलची लांब भिंत आहे. तिच्यावर त्यानं चुन्याच्या रेघा ओढल्या आहेत, ट्रकची वेगळी, जीपची वेगळी, दुचाकीची वेगळी. गाडी पंचवीस फुटांवर उभी करायची आणि उजेडाची वरची कड रेघेला आणायची. आपल्याकडच्या दिव्याचा उजेड डावीकडे जरा वर चढतो, म्हणजे काठावरचा माणूस दिसतो. उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या अंगाला, तो खाली राहतो. हे तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगतो की मलाही पाठ झालंय. टपरीसमोर तेवढी मोकळी जागा आणि भिंत नसती, तर त्याचा धंदाच बसला असता. आणि ती भिंत आहे मिलमालक भुपेंद्रची.

गेल्या दिवाळीनंतर भुपेंद्र दिव्यांची नवी जोडी घेऊन आला. मेव्हण्यानं दुबईहून आणलेली. जागेश्वरनं जीपला बसवली, उंची रेघेला बरोबर आली, पण भिंतीवरचा उजेड उजवीकडे चढला. दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. तिथल्या नियमाला तो दिवा चोख होता, इथं मात्र समोरच्याच्या थेट डोळ्यांत जाणार.

"भाऊ, हे आपल्या रोडचे नाईत. काढून टाकतो."

"फॉरेनचा माल हाये. तुले समजून नाई राहिलं."

"उजेड उलटा हाये ना पण."

भुपेंद्र भिंतीकडे बघत म्हणाला, "रंगवाल्याले सांगितलं हाये मी. तुया रेघा राहू द्याच्या का पुसाच्या?"

जागेश्वरनं स्क्रू आवळले. त्याच रात्री त्यानं मला हे सांगितलं, मान खाली घालून. मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही आवळलेच असते.

चार दिवसांनी दिवेलागणीला मी टपरीवर बसलो असताना त्याला फोन आला. आंबागडच्या रस्त्यावर पगारी ड्रायव्हर टेकचंदच्या हातचा ट्रॅक्टर उलटला होता. समोरून भुपेंद्रची जीप येत होती.

"जिता हाये का?" एवढंच त्यानं विचारलं आणि मोटारसायकल काढली. मी मागं बसलो. रस्त्याच्या एका अंगाला लोकांनी धान वाळत घातलं होतं, भोवती दगड मांडलेले. उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून तो गाडी अशी हाणत होता की मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

टेकचंद जिवंत होता. बांधावर बसला होता, उजवा हात लोंबत होता. ट्रॉली कडेच्या धानाच्या बांधीत आडवी, पोती फुटलेली. त्याची बायको रुखमा पदरानं त्याच्या कपाळाचं रक्त टिपत होती. अँब्युलन्स निघाली होती. हवालदार श्यामराव वहीत लिहीत होते आणि भुपेंद्र त्यांना सांगत होता, "पिऊन होता साहेब. सरळ बांधीत घातला."

"आज थेंब नाई घेतला जी त्यानं," रुखमा म्हणाली.

"मले काईच दिसलं नाई," टेकचंद कण्हला. "सारं पांढरं झालं."

कुणी ऐकेना. टेकचंद पितो हे गावाला ठाऊक. ट्रॅक्टर दुसऱ्याचा. दारूची नोंद झाली की लायसन गेलं, आणि मग त्याच्या हाती स्टेअरिंग कोण देणार?

भुपेंद्रनं जागेश्वरला बाजूला घेतलं. मी दोन पावलांवर होतो. "तू कायले आला? घरी जाय. भिंत तुयीच समज."

जागेश्वर निघून जाईल असं मला वाटलं. जावं, असंही वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

तो श्यामरावांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, जीपचे दिवे चुकीचे हायेत. म्याच लावले."

"चुकीचे? चांगले नवे तर हायेत बे."

"तुमी ट्रॅक्टर येत होता तिकडं उभे राहा."

श्यामराव कुरकुरत चाळीसेक पावलं पुढं गेले आणि वळले. जागेश्वर जीपमध्ये चढला. किल्ली आतच होती. त्यानं दिवे लावले, तेही डिपरवर, म्हणजे खालच्या उजेडावर.

श्यामरावांनी झटकन वही डोळ्यांपुढं धरली. एक पाय मागं घेतला, तो रस्त्याच्या कडेवरून घसरला आणि ते हात टेकून गुडघ्यावर आले. "बंद कर! काई दिसून नाई राहिलं!"

भुपेंद्र जीपकडे धावला. जागेश्वरनं दार आतून ओढून धरलं आणि दिवे तसेच ठेवले.

"तुमी तर उभे होते साहेब," तो खिडकीतून ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "टेकचंद पोती घेऊन येऊन राहिला होता. लिहा आता. पयलं माह्यं नाव लिहा."